पदव्युत्तर विद्यार्थ्यांची परिषद : तिचे काम कसे चालते?



रावेरकडचे एक केळीउत्पादक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचा मुलगा जळगावला विद्यापीठात एम. एस्सी.ला आहे. मागे ते भेटले तेव्हा जरा रागातच होते. म्हणाले, "गुरुजी, पोरगं अभ्यास सोडून सभा भरवत फिरतंय. वर्गानं म्हणे त्याला प्रतिनिधी निवडलं. हे पुढारीपण कशाला हवं हो?" त्यांचा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात असेल, म्हणून आज त्याच विषयावर बोलतो.

पूर्वी आपल्या खानदेशातली कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या मुलाला विद्यापीठाकडे गाऱ्हाणे न्यायचे तर पुणे गाठावे लागे. 1990 साली गिरणेच्या काठी, बांभोरीजवळ, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. गाऱ्हाणे आता घराजवळ आले खरे. पण ते मांडायचे कोणी आणि कसे?

यासाठी कायद्यात विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात वर्गातला गुणवत्तेत पुढे असलेला विद्यार्थी परिषदेवर जाई; मतदान नव्हते. कॉलेजच्या निवडणुकांतल्या हाणामाऱ्यांना लोक विटले होते, त्यामुळे ही पद्धत अनेकांना बरी वाटली. माझे मत वेगळे आहे. पहिला नंबर काढणारा मुलगा दुसऱ्याचे दुखणे सांगू शकेलच, असे थोडेच आहे? 2016 च्या कायद्याने मतदान पुन्हा आणले. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, मागासवर्गीयांचा एक प्रतिनिधी आणि वर्गावर्गाचे प्रतिनिधी, अशी परिषदेची घडण कागदावर झाली. कागदावर म्हणतो, कारण 2019 साली निवडणुकांची तयारी झाली आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. पुढच्या वर्षी तर करोनाने वर्गच बंद पाडले.

निवडणूक म्हटली की पालकांना पैसा आणि पक्ष आठवतो. त्याचाही विचार झालेला आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली लागू केल्या. उमेदवाराने पाच हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. छापील भित्तिपत्रके लावायची नाहीत, हाताने लिहिलेली चालतील. हजेरी 75 टक्के हवी, मागचा विषय राहिलेला नको. संशोधन करणाऱ्यासाठी वयाची मर्यादा 28 वर्षे. म्हणजे अभ्यास सोडून फिरणाऱ्याला उभेच राहता येत नाही, हे त्या रावेरच्या गृहस्थांना मी पहिल्यांदा सांगितले.

आता खरे काम. ते भाषणात नसते, बैठकीत असते. बैठकीची सूचना आधी निघते, तिच्यात विषयपत्रिका असते. किमान ठरलेले सभासद हजर असले तरच बैठक ग्राह्य. याला गणपूर्ती म्हणतात. मग ठराव, आणि ठरावाचे इतिवृत्त. इतिवृत्त म्हणजे काय झाले, कोण काय म्हणाले, काय ठरले, याची लेखी नोंद. आपल्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकारी लिहितात ना, अगदी तेच.

ही नोंद किती मोलाची, ते मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. मी कॉलेजात असताना आमच्या वसतिगृहाच्या खानावळीचे दर मध्येच वाढवले गेले. आम्ही सात-आठ जण प्रमुखांना भेटलो. त्यांनी हसतमुखाने ऐकून घेतले, "बघतो" म्हणाले. आम्ही खूष! दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तर "कधी आला होता तुम्ही?" अर्ज नाही, ठराव नाही, तारीख नाही. त्या सत्रात साक्रीकडचा एक हुशार मुलगा पैशांअभावी घरी गेला, तो परत आला नाही. तेव्हा एक कागद नीट लिहिला असता तर... असो.

पदव्युत्तर मुलांचे प्रश्न लहान मुलांच्या प्रश्नांसारखे नसतात. प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी राहणार? संशोधनाची शिष्यवृत्ती वेळेवर येते का? मार्गदर्शकाने त्रास दिला तर कोणापाशी बोलायचे? शेवटच्या प्रश्नाकडे मुलींच्या आईबापांनी विशेष लक्ष द्यावे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांप्रमाणे, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीवर तीन विद्यार्थी हवेत: एक पदवीचा, एक पदव्युत्तर वर्गाचा, एक संशोधन करणारा. तेही निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदावरच्या माणसांना या समितीवर बसता येत नाही. रॅगिंग रोखण्याच्या समितीवर, 2009 च्या नियमांप्रमाणे, पालकांचाही प्रतिनिधी असतो. पालक हो, तुमची जागा तिथे आहे. कोणी बोलावले तर "शेतीची कामं आहेत" म्हणून टाळू नका.

गावच्या शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. शाळेत आपण मंत्रिमंडळ नेमतो, पण आरोग्यमंत्र्याने काय केले हे कोणी लिहून ठेवते का? अमळनेरला साने गुरुजी छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत. रोजच्या बारीकसारीक गोष्टी त्यात येत. ती सवय सातवीतल्या मुलाला लागली, तर एम. ए.ला गेल्यावर त्याला इतिवृत्त शिकवावे लागणार नाही. एक शंभरपानी वही पुरे. दर शनिवारी एका मुलाने लिहावे, दुसऱ्याने वाचून दाखवावे, चुकले असेल तर तिसऱ्याने सांगावे.

आणि रावेरचे ते गृहस्थ? दिवाळीत मुलगा घरी आला, तेव्हा त्यांनी त्याची वही मागून घेतली. मला म्हणाले, "गुरुजी, अक्षर वाईट आहे, पण वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवा म्हणून लिहिलंय. खाली नऊ जणांच्या सह्या आहेत."

"मग काय म्हणालात त्याला?" मी विचारले.

"म्हटलं, उत्तर काय आलं ते पण लिहून ठेव."