पायाची जखम आणि तिचे औषध

मंडळी, आषाढात आवणी सुरू झाली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून पायाला चिंध्या बांधलेली माणसे दिसू लागतात. कुणाला खाचरात काटा घुसलेला, कुणाला विळा लागलेला, कुणाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. पुढे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले की भाजणे आणि चेंगरणे. आम्ही याच मुलखात शाळा चालविल्या. शाळेच्या पेटीत कापूस आणि आयोडीन असे. त्यामुळे मुलांच्या मागोमाग त्यांचे आईबापही जखमा दाखवायला येत. कोणती जखम धुवावी, कोणतीला चीर हवी आणि कोणतीला गोळ्या, एवढेच आज सांगणार आहोत.

पहिले काम पाण्याचे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. मधून मधून उचलून पाहू नका. रक्त थांबले की पिण्याच्या पाण्याची धार धरा आणि साबणाने धुवा. शेण, चुना, माती, मशेरी यांतले काहीही जखमेत भरू नका. शेण सारवायला चांगले. जखमेत त्याचे काम नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणातच असतो. त्याला हवा सोसत नाही. म्हणून काट्याच्या खोल, वरून बुजलेल्या जखमेत तो वाढतो. त्याचे विष नसांत शिरते, जबडा बसतो, अंग धनुष्यासारखे वाकते.

पूर्वी बाळाची नाळ कापून तिच्यावर शेण किंवा राख लावीत. मग आठवडाभरात बाळ दूध ओढायचे थांबे, आणि घरचे नशिबाला दोष देत. आयांना लस मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि हा रोग मागे हटला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, की भारतात प्रत्येक जिल्ह्यात नवजात बाळांचा धनुर्वात हजारी एकाहून कमी झाला आहे. मोठ्या माणसांचे काय? जखम मातीने भरलेली असेल आणि शेवटची सुई घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. पण ही सुई धनुर्वात टाळते, जखम भरून आणत नाही. “मास्तर, सुई मारली ना, मंग झालं!” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सुईवर आपल्या लोकांचा जीव फार!

आता गळवाचे पाहू. औषध रक्तातून जाते. पण पू साचलेल्या पोकळीत रक्त पोचत नाही. दार लावलेल्या खोलीसारखेच ते. बाहेरून कितीही गोळ्या घेतल्या तरी आतला पू तसाच राहतो. त्याला वाट करून द्यावी लागते. हे काही आजचे ज्ञान नव्हे. सुश्रुतसंहितेत शस्त्राची आठ कामे सांगितली आहेत. त्यांत चिरणे आणि साचलेले वाहून जाऊ देणे ही दोन्ही आहेत. मात्र घरच्या पात्याने चीर देऊ नका. डॉक्टर गळू चिरतात आणि बहुधा टाके न घालता आत पट्टी भरतात. “पैसे घेतले आणि शिवलंसुद्धा नाही,” अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. अहो, वरून शिवले तर आत पुन्हा पू धरेल! ती जखम तळापासून भरत वर यायला हवी. चीर गळवाला, साप चावला तर चीर मुळीच देऊ नका.

मग गोळ्या कधी? जखमेभोवतीची लाली पसरू लागली, जांघेत गाठ आली, थंडी वाजून ताप भरला, म्हणजे जंतू पुढे सरकले असे समजा. पेनिसिलिन हे औषध १९२८ साली बुरशीतून सापडले. आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात ते १९५५ पासून बनू लागले आणि पुष्कळ जीव वाचले. पुढे अशी बरीच औषधे आली. पण ती सर्दी झाली म्हणून, शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून घेऊ लागलो, तर जंतूंना ती पचू लागतात. तसे ते पचलेही आहेत. म्हणून डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने असतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येते, आणि माणूस गोळ्या सोडून भट्टीवर निघून जातो. तिथेच घात होतो.

सर्वांत फसवी ती न दुखणारी जखम. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना मधुमेह होता. ते मुरबाडच्या बाजाराहून पायी परतले. सुनेला ओटीवर रक्ताचे ठसे दिसले. पाहतात तो चपलेतून खिळा आरपार! त्यांना पत्ताच नाही. दुखत नाही म्हणून ते आणखी पंधरा दिवस चालत राहिले. शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली.

असे का होते, हे कुष्ठरोग्यांच्या पायांवरून कळले. त्यांचे मांस आपोआप सडते, असे लोक मानीत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तमिळ मुलखातल्या वेल्लोरच्या रुग्णालयात आले. त्यांनी पाहिले, की पाय बधिर झालेला असतो. दुखत नाही म्हणून रोगी जखमेवरच भार देत चालतो. पायाला प्लास्टर घालून विसावा दिला, की तीच जखम इतरांसारखी भरून येते. मधुमेहाच्या बधिर पायाचेही तसेच आहे. त्याला मलमाइतकाच विसावा हवा, आणि साखर ताब्यात हवी. अनवाणी फिरू नये. थंडीत शेकोटीला तळवे शेकू नयेत. भाजले तरी कळत नाही. रोज रात्री दिव्याजवळ बसून तळवे आणि बेचके पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे.

कातडी काळी पडली, घाण वास सुटला, किंवा लाली वर चढू लागली, तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ फिरवा, गाडी फुकट येते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, रिकामी असली तरी.