गोड्या पाण्यातली मासळी

केळापूर तालुक्याला समुद्र लांब; पण खुनी नदी आणि तिच्यावरचं सायखेडा धरण इथलंच. बाजारात रोहू, कतला, मृगळ मांडलेले दिसतात. हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या तळ्यात नाही. म्हणून तलावांत मत्स्यबीज सोडावं लागतं. मरळ मात्र हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे घमेल्यातल्या थोड्याशा पाण्यातही ती जिवंत राहते.

मासा घेताना कल्ला उचलून बघा. आतून लालभडक दिसला पाहिजे. डोळे चकचकीत, फुगीर असावेत. बोटानं दाबलेलं मांस लगेच वर यावं. आणि भाव करताना, पहाटे जाळं ओढणाऱ्या ढिवर-भोई बांधवांच्या कष्टांचा मान जरूर राखा.