खोदून न विचारणारे सिनेमे

शिक्रापूरच्या चाकण चौकाजवळून शांत सिनेमांवर बोलतोय, मागे हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या!

मला 'कासव' फार आवडतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१६चं सुवर्णकमळ मिळालेला. जगणंच नकोसं झालेला एक आजारी तरुण जानकीला वाटेत सापडतो. ती स्वतः नैराश्यातून गेलेली. त्याला कोकणातल्या घरी नेते, जेवू घालते, पण "काय झालं?" असं खोदून विचारत नाही. नाव माहीत नाही, तर मानव म्हणते. तिकडे किनाऱ्यावर दत्ताभाऊंचं कासवांचं काम चालू. अंडी आपण राखायची, समुद्रापर्यंत चालायचं मात्र पिल्लानेच.

त्याच जोडीचा 'अस्तु'ही बघा. विसरत चाललेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीमागे निघून जातात आणि कानडी बोलणारी चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. भाषेचं काही अडत नाही. फक्त दीडपट स्पीडवर बघू नका राव, हाती काही लागणार नाही.

आमच्या रूमवर चौघं. चार जिल्ह्यांतले, शिफ्ट वेगवेगळ्या. दिवाळीनंतर एक जण बोलायचाच बंद झाला. भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मी रोज दोन कप चहा करायचो, एक त्याच्या उशाशी ठेवायचो, शेजारी बसून माझा प्यायचो. आठव्या दिवशी म्हणाला, "साखर कमी टाकत जा की." त्या रात्री दोनपर्यंत बोलला.

आता डॉक्टरकडे जातो. नंबर लागेपर्यंत मी बाकावर बसलेला असतो, त्याच्या बाजूला.