तापलेल्या घोड्याला गार पाणी

भर वैशाखात घोड्याविषयी बोलायचं, तर मला आधी त्याच्या घामाविषयी बोलू द्या.

दौडताना घोडा जी ऊर्जा खर्च करतो, तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पळण्याच्या कामी येतो. बाकी सगळी उष्णता. ती बाहेर पडायची कातडीतून, आणि किलोमागे घोड्याच्या वाट्याला येणारी कातडी माणसाच्या निम्म्याहूनही कमी. मग घाम किती यावा? उन्हात कष्टाचं काम असेल, तर तासाला 10 ते 15 लिटर. खोगिराच्या कडेला आणि मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसतो ना, तो लॅथेरिन नावाच्या प्रथिनाचा. तेलकट केसांवर पाणी पसरत नाही. हे प्रथिन साबणासारखं काम करतं आणि घाम केसांवर पसरवतं, म्हणजे तो लवकर वाळतो.

खरी अडचण मिठाची आहे. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना जास्तच खारट. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यामुळे रक्त जास्त खारट होत नाही, आणि मेंदूला तहानेची सूचनाच मिळत नाही. दहा-बारा लिटर पाणी गमावलेलं जनावर बादलीला तोंड लावत नाही, आणि मोतद्दार म्हणतो, ‘त्याला तहान नाही.’ मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दमलेल्या घोड्यांपुढे आधी लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलेलं पाणी ठेवलं, मग साधं. नुसतं साधं पाणी मिळालेल्या घोड्यांपेक्षा या घोड्यांचं घटलेलं वजन अधिक भरून आलं. इतका स्वस्त उपाय, पण तो किती तबेल्यांत केला जातो?

चाऱ्याचाही इथे थेट संबंध आहे. गवताचे तंतू मोठ्या आतड्यात पाणी आणि क्षार धरून ठेवतात. घाम गळू लागला की ती शिल्लक उपयोगी पडते. घोडा दमतो म्हणून चंदी वाढवायची आणि गवत कमी करायचं, ही सवय म्हणूनच घातक. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असतं आणि त्या आम्लाला आवर घालणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला रोज सहा किलो कोरडा चारा हवाच. हरभरा त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता पाणी अंगावर ओतण्याविषयी. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात, असं जगभरचे घोडेवाले पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. 1992च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धेत उन्हाने घोडे बेजार झाले, आणि पुढचं ऑलिंपिक होतं अटलांटाच्या दमट जुलैत. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला संशोधक डेव्हिड मार्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद खोलीत तसंच हवामान तयार करून घोडे ट्रेडमिलवर पळवले. गार पाण्याने घोडे झपाट्याने निवतात आणि स्नायूंना इजा होत नाही, हे अशा प्रयोगांतून सिद्ध झालं. 1996मध्ये अटलांटाला स्पर्धेचं अंतर कमी केलं गेलं, जादा विश्रांती दिली गेली आणि पाण्याचे तुषार सोडणारे मोठे पंखे लावले गेले. एक समज प्रयोगाने तपासला आणि तो चुकीचा निघाला. तेव्हापासून घोड्याच्या जिवाला केवढा आधार मिळाला, याचं मला फार मोल वाटतं.

आता आपल्याकडचं पाहा. माथेरान गावात खासगी मोटारींना बंदी आहे, तिथे घोडेही माणसं आणि सामान वाहतात. वरातीची घोडी तर मे महिन्यात डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभी असते. अशा घोडेवाल्यांपैकी कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर एवढं जरूर सांगा: काम संपताच घोडा सावलीत न्या, खोगीर उतरवा, सर्वांगावर गार पाणी ओता आणि ओततच राहा. पाठीवर ओलं पोतं टाकून ठेवू नका, त्याने उष्णता कोंडते. समोर दोन बादल्या ठेवा, एक साध्या पाण्याची आणि एक मिठाच्या पाण्याची.