मसुद्याचा फॉन्ट आणि मॅक्रोची ताबेदारी

दोनशे पृष्ठांच्या मसुद्यात परिच्छेदामागून परिच्छेद निवडून फॉन्ट बदलीत बसण्याचे जे कष्ट आपल्या कचेऱ्यांतून आजही उपसले जातात, ते वाचविण्याची तजवीज ‘वर्ड’मध्ये फार पूर्वीपासून आहे. ‘व्ह्यू’ या सदराखालील ‘रेकॉर्ड मॅक्रो’ सुरू करून इच्छित बदल एकदा करावा, नोंद थांबवावी आणि पुढे ऑल्ट व एफ-८ या कळा दाबून त्याच हुकुमाची हवी तितक्यांदा तामिली करून घ्यावी. नोंद चालू असता माउसने मजकूर निवडता येत नाही. तेथे कंट्रोल-ए किंवा शिफ्टसह बाणांच्या कळा वापराव्या लागतात.

परंतु मराठी लेखकाची खरी अडचण याहून निराळी आहे. वर्ड रोमन लिपीचा फॉन्ट एका खात्यात ठेवतो आणि देवनागरीचा, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणून, दुसऱ्यात. त्यामुळे ज्या मॅक्रोत केवळ ‘फॉन्ट डॉट नेम’ एवढाच उल्लेख आहे, तो इंग्रजी शब्दांचे रूप पालटून मराठी मजकुराला स्पर्शही न करता परततो, आणि आपण उगाच यंत्राला दोष देतो. हुकुमात ‘नेमबाय’ हा गुणधर्मही लिहिला पाहिजे. शिवाय कंट्रोल-एच्या कक्षेत तळटीपा आणि पृष्ठशीर्षे येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘स्टोरीरेंजेस’चा फेरा घालावा लागतो. मसुदा आरंभापासून ‘स्टाइल’ लावून सिद्ध केला असेल, तर स्टाइलचाच फॉन्ट बदलावा, हे माझ्या मते अधिक शहाणपणाचे. मॅक्रोची गरजच मग पुष्कळशी सरते.

मॅक्रोसह दस्तऐवज जतन करावयाचा, तर तो डॉकएम स्वरूपात करावा. अनोळखी इसमाकडून आलेला मॅक्रो मात्र चालवू नये. १९९९ साली ‘मेलिसा’ हा विषाणू जगभर पसरला तो वर्डच्या मॅक्रोमधूनच.

राहता राहिले युनिकोडपूर्व फॉन्टांतील जुने दफ्तर. त्यातील मराठी केवळ दिसण्यापुरती मराठी असते, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हेच. तिला ‘मंगल’सारखा युनिकोड फॉन्ट लावताच पृष्ठभर निरर्थक चिन्हांचा बाजार भरतो. येथे फॉन्ट बदलणारा मॅक्रो निरुपयोगी असून अक्षरांचेच रूपांतर करणारा हवा, आणि त्यालाही व्यंजनाआधी नोंदलेली पहिली वेलांटी व्यंजनानंतर न्यावी लागते, रफार उलट मागे सारावा लागतो. असे रूपांतर मूळ दस्तऐवजावर न करता त्याच्या प्रतीवर करावे आणि रफार व वेलांट्या शेवटी स्वतःच्या डोळ्यांनी तपासाव्यात.