व्हिसा नसलेला माणूस

(चेन्नई येथील भाषण)



याच शहरातल्या एग्मोर स्टेशनवर एके काळी कोलंबोचे थेट तिकीट मिळे. बोट मेलने धनुष्कोडी, तिथून आगबोटीने तलाईमन्नार, पुन्हा रेल्वे. १९६४ च्या वादळाने धनुष्कोडीचे स्टेशन गिळले. १९८३ पासून त्याच समुद्रातून श्रीलंकेतले तामिळ जीव मुठीत धरून होड्यांनी आले. व्हिसा कुठला?

तो त्यांचा हक्क होता काय? १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात देश सोडण्याचा हक्क आहे, छळातून सुटण्यासाठी आश्रय मागण्याचाही आहे. परदेशात शिरण्याचा मात्र नाही. म्हणजे घर सोडा, पण शेजाऱ्याने दार उघडलेच पाहिजे असे नाही! १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सहीच नाही. तरीही १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की घटनेचे २१ वे कलम परकीयाच्याही जिवाचे रक्षण करते.

सरहद्द राखण्याचा सरकारचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. पण जीव वाचवायला आलेला माणूस म्हणजे विनातिकीट प्रवासी नव्हे, की पुढच्या स्टेशनवर उतरवला! आणि छावणीत जन्मलेल्या मुलांनी कोणती सरहद्द ओलांडली? १ जुलै १९८७ पासून केवळ इथल्या जन्मावर नागरिकत्व मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत श्रीलंकेचे नाव नाही. या मुलांचा प्रश्न फेडरेशनने केंद्र सरकारपुढे मांडावा, ही आमची मागणी आहे.