दोन घरांमधली जागा

(विहाराच्या वर्धापनदिनी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने मला सांगितले की, तू पाच वर्षे काय शिकलीस ते लोकांना समजेल असे सांग. कारण आपल्या वस्तीत वकील, नर्स, इंजिनिअर, बँकेतली माणसे झाली. पण आर्किटेक्ट म्हटले की लोक विचारतात, म्हणजे बिल्डर का गं? आमची आजी तर दर सुट्टीत विचारते, "पाच वर्षं घरं काढतेस, एक तरी उभं राहिलं का?" आजे, अजून एकही नाही. आमची घरे कागदावर आणि पुठ्ठ्यात असतात.

बिल्डर पैसा घालतो आणि विकतो. स्लॅब किती वजन पेलेल हे इंजिनिअर काढतो. आणि दार कुठे, उजेड कुठून, म्हातारा माणूस कुठे टेकेल, पोरे कुठे खेळतील, हे ठरवतो तो आर्किटेक्ट. १९७२ च्या कायद्याने या धंद्यासाठी वास्तुकला परिषद आहे. तिथे नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसऱ्या वर्षी आम्हाला वसाहतीचा प्रकल्प असतो. एखादी वस्ती मोजायची, माणसे कशी राहतात ते काढायचे आणि मग नवी वसाहत रचायची. मी लांब कुठे गेले नाही, कल्याण पूर्वेतली आपलीच चाळ मोजली. खोली दहा बाय बारा, माणसे पाच. वर्गात प्रश्न आला, पाच माणसे यात मावतात कशी? उत्तर असे की, ती मावतच नाहीत. आजी सकाळी ओट्यावर असते. बाबांची खाट उन्हाळ्यात बाहेर. भावाने दहावीचा अभ्यास या विहारात केला. पापड, वाळवणे, हळदीचा मांडव, मयताची बैठक, सगळे दोन दारांच्या मधल्या बोळात. नकाशात खोली १२० चौरस फूट दिसते, घर मात्र त्याहून मोठे असते. ते उरलेले घर कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते.

म्हणून चाळ फार छान होती असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे बहुतेक आता चाळीत राहत नाहीत. सार्वजनिक संडासाची रांग, रात्री बायकांना वाटणारी भीती, पावसात गळणारे पत्रे, हे मी वहीत उतरवले नाही, मी त्यात वाढले. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत १९१२ पासून जवळजवळ बावीस वर्षे दोन खोल्यांत राहिले. प्लेगनंतर १८९८ साली सरकारने जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याने बांधलेली ती चाळ. पुढे त्यांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. ज्ञानी माणसालाही भिंती लागतात, जागा लागते. तेव्हा मोठे घर मागणे ही हाव नव्हे, तो हक्कच आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आपल्याला आनंदच आहे.

माझे म्हणणे एवढेच की, हिशेब तिथे संपत नाही. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर १९९५ साली २२५ चौरस फूट होते, २००८ साली २६९ झाले, २०१८ साली ३००. एकेका फुटासाठी लोक भांडले आणि ते बरोबरच होते. पण त्याच काळात दोन इमारतींमधले अंतर किती, याकडे कोणी पाहिले? गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. २०१८ साली तिथे डॉक्टरांच्या एका संस्थेने अभ्यास केला, तेव्हा हवा-उजेड नसण्याचा आणि क्षयरोगाचा संबंध स्पष्ट दिसला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेली माणसे तिथे खोकत बसली. आपल्याकडचा नियम सांगतो की, दमट उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या निदान एक षष्ठांश असावे. पण समोर भिंतच असेल तर खिडकी मोठी असून उपयोग काय?

याच वर्षी आम्हाला बेलापूरला नेले. ठाण्याहून लोकलने तासाभराच्या आत. सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणून वसाहत आहे, सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ च्या सुमारास केलेली. हे कोरिया नवी मुंबईचे पहिले मुख्य वास्तुशिल्पकार, २०१५ साली वारले. त्यांनी काय केले पाहा. सात घरे घेतली आणि मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचे अंगण ठेवले. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरे, आणि त्यांच्यामध्ये बारा बाय बाराचे मोठे अंगण. तशी तीन मोठी अंगणे जुळली की त्याहून मोठे मैदान. दारातून बाहेर पडले की पहिल्यांदा सात घरांची माणसे, मग एकवीस, मग सगळी वसाहत. पोर रांगते असेल तर छोट्या अंगणात, क्रिकेट खेळणारे असेल तर मैदानात. आईला घरातून हाक मारता येते.

दुसरी गोष्ट मला अधिक आवडली. भूखंड सगळ्यात लहान ४५ चौरस मीटर आणि सगळ्यात मोठा ७५. मिळकतीत कितीतरी पट फरक असलेली कुटुंबे, पण जमिनीत दुपटीचाही फरक नाही. आणि कोणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. का? तर उद्या पोराचे लग्न झाले, एक खोली वाढवायची झाली, तर शेजाऱ्याची परवानगी मागायला नको, भांडण नको. ज्याने हे योजले त्याला आपल्या घरातली भांडणे ठाऊक होती असे वाटते! आज तिथे मूळची उतरत्या छपरांची घरे थोडी उरली आहेत. बऱ्याच जागी दोन-तीन मजली स्लॅबची घरे झाली. आमच्यातले काही विद्यार्थी हळहळले. मला तसे वाटले नाही. घरे वाढली, कारण वाढावीत म्हणूनच ती तशी रचली होती. आणि एवढी घरे बदलली तरी मधली अंगणे राहिली आहेत. तिथे एक आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी मोजपट्टी घेऊन फिरले तेव्हा म्हणाले, "बाई, हे अंगण विकायला नाही हं."

इंदूरला अरण्य नावाची वसाहत बाळकृष्ण दोशी यांनी केली. दोशी जन्माने पुण्याचे. त्यांनी तर जोते, संडास, मोरी, स्वयंपाकाची जागा, पाणी आणि गटार एवढेच पक्के दिले आणि बाकीचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे बांधायचे, असे ठेवले. ज्या गोष्टी एकट्या गरिबाला करता येत नाहीत, त्या आधी.

आता ही मधली जागा काही परक्यांनी आपल्याला शिकवायला नको. कान्हेरीला आपण सहलीला जातो. लेणीत काय असते? राहण्याची लहानशी खोली, पुढे पडवी, बसायला दगडी ओटा आणि शेजारी पावसाचे पाणी साठवायचे टाके. तिथल्या शिलालेखांत या टाक्याला पोढी म्हटले आहे, आणि ते कोरवून घेणाऱ्या दात्यांत आपल्या कल्याणची माणसे आहेत, व्यापारी आहेत, सोनार आहे. अठराशे वर्षांपूर्वीचा कल्याणचा सोनार येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावे म्हणून पैसे देतो आणि नाव कोरतो. आमच्या वर्गात 'सार्वजनिक जागा' हा विषय परदेशातल्या चौकांपासून सुरू झाला. मी म्हटले, सर, माझी सुरुवात कल्याणच्या सोनारापासून.

चौथ्या वर्षी सार्वजनिक जागेचा प्रकल्प होता. मी ठाण्याचा मासुंदा तलाव घेतला. सकाळी फिरायला येणारे, दुपारी सावलीत डबा खाणारे कामगार, संध्याकाळी कट्ट्यावर म्हातारी आणि जोडपी. ज्याला काही विकत न घेता तासभर बसता येते, ती खरी सार्वजनिक जागा. मॉलमध्ये बाक असतात, पण वॉचमन चपला बघतो. परीक्षक विचारू लागले, तुझ्या आराखड्याला तात्त्विक आधार काय? मी सांगितले, राज्यघटनेचे कलम १५. त्यात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा असा शब्दन्‌शब्द आहे. १९२३ साली बोले साहेबांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला, पाणवठे सर्वांना खुले झाले. ते कागदावर. २० मार्च १९२७ ला महाडला लोक प्रत्यक्ष पाण्याशी गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. म्हणून तलावाला कुंपण किती उंच आणि फाटक कधी बंद, हे माझ्या दृष्टीने नुसते सुशोभीकरण नव्हे. परीक्षक थोडा वेळ गप्प बसले. मार्क बरे पडले.

शेवटच्या वर्षाचा प्रबंध मात्र आपल्या वस्तीचा. तो मांडायला उभी राहिले तेव्हा एका परीक्षकांनी विचारले, धार्मिक वास्तू मध्यभागी कशाला? कोपऱ्यात टाक, जागा वाचेल. मी आठवड्याचे वेळापत्रक पुढे ठेवले. सकाळी बालवाडी, दुपारी महिला मंडळाचे शिवण, संध्याकाळी अभ्यासिका, रविवारी वंदना, मध्येच साखरपुडा, मध्येच पुण्यानुमोदन, आरोग्य शिबिर, रेशन कार्डाचे फॉर्म. यातल्या कितीतरी गोष्टींना आपण धार्मिक म्हणत नाही. एवढे सगळे कोपऱ्यात मावेल का? माझ्या आराखड्यात विहार तळमजल्यावरच आहे, अंगणाला उघडणारा, वर ग्रंथालय, आणि १४ एप्रिलला अंगणातच मंच. पोडियमच्या वर सातव्या मजल्यावर नेलेला विहार लिफ्ट बंद पडली की म्हाताऱ्यांना बंद होतो.

हे आज का सांगते? कारण पुनर्विकास आपल्या दाराशी आला आहे. ठाण्याला किसननगरची समूह योजना २०२३ साली सुरू झाली, आपल्याकडेही पत्रके वाटली जातात. आणि जुन्यात राहणेही धोक्याचे आहे. शीळला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत पडून ७४ माणसे गेली. २० मे २०२५ ला आपल्या कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीत फरशीचे काम चालू असताना चौथ्या मजल्याचा स्लॅब खाली आला, सहा जण गेले. तेव्हा मावश्यांनो, जुनी लादी न काढता वर नवी बसवू नका, ते वजन स्लॅबवरच पडते. नवे म्हणून डोळे मिटून घेणेही तसेच. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. पैसे भरलेली कुटुंबे तुमच्या-आमच्यासारखीच. ते प्रकरण कोर्टात नेले एका आर्किटेक्टनेच, हेही सांगितले पाहिजे.

तुमच्यातले जे सोसायटीत आहेत, त्यांना कायद्याने स्वतःचा आर्किटेक्ट नेमता येतो. बिल्डरने पाठवलेल्यावर थांबू नका, नोंदणी क्रमांक मागा. सभेत कोणी म्हणाले की इतके फूट देतो, तर म्हणा, छान, आता पूर्ण मजल्याचा प्लॅन दाखवा. पॅसेजला उजेड कुठून येतो? समोरची इमारत किती मीटरवर? स्ट्रेचर आडवे मावेल अशी एक तरी लिफ्ट आहे का, की आपला माणूस शेवटी उभा करून खाली आणायचा? महिन्याचा मेंटेनन्स किती, आणि तो भाड्यापेक्षा जास्त झाला तर घर टिकवणार कसे? विहार कुठे, किती चौरस मीटर, कोणाच्या नावावर, हे नकाशात शाईने लिहिलेले आहे का? तोंडी आश्वासनाला नकाशात जागा नसते.

माझे चार नकाशे आणि पुठ्ठ्याचे मॉडेल ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी ठेवले आहे. छप्पर सुटे आहे, लहान मुलांनी उचलून आत पाहिले तरी चालेल. येत्या रविवारी वंदनेनंतर दुपारी एकपर्यंत मी इथेच बसणार आहे. ज्यांना कोणी प्लॅन किंवा करारनामा दिला असेल त्यांनी झेरॉक्स घेऊन यावे. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी आपल्या खोलीची लांबी-रुंदी आणि घरातली माणसे एका चिठ्ठीवर लिहून आणावीत, आणि दुपारी कोण कुठे झोपते तेही लिहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!